पदवीनंतरची विद्या आणि आपले शेत

(देवस्थानच्या वार्षिकोत्सवात महाजन मंडळीसमोर केलेले भाषण)



श्रींच्या उत्सवात चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा समितीने मला केली तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी विद्वान नाही, प्राध्यापकही नाही. माझे आयुष्य कारकुनीत गेले आणि त्यातील अखेरची वर्षे एका विद्यापीठाच्या कचेरीत संशोधक विद्यार्थ्यांचे कागद हाताळण्यात गेली. अर्ज नोंदवावेत, शिष्यवृत्तीची बिले तयार करावीत, प्रबंधाच्या प्रती मोजून घ्याव्यात आणि पोच द्यावी, एवढेच माझे काम. त्या प्रबंधांतील सारे मला कळत होते असा माझा दावा नाही. परंतु ते लिहिणारी मुले चार-चार, पाच-पाच वर्षे माझ्या टेबलापुढे येत राहिली आणि त्यांच्या तोंडून जे ऐकले ते थोडेफार स्मरणात राहिले. तेवढ्या शिदोरीवर विद्यापीठातील उपयोजित विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. उणेअधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यावे.

विषय जड वाटू नये म्हणून आपल्या कोठीपासूनच आरंभ करतो. महाप्रसादाच्या शिध्याचा हिशेब गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. २०२३ साली तूरडाळीचा खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला आणि सभेत मला त्याचा खुलासा द्यावा लागला. बाजारभाव चढला, असे मी सांगितले. सभेने ते मान्य केले आणि पुढचा विषय निघाला. भाव चढण्याला कारणे अनेक असतात. परंतु त्यांतील एक कारण आपल्या अगदी दारातले होते, आणि त्याचा उल्लेख कोणी केला नाही. मीही केला नाही. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०२२ च्या खरिपात, कलबुर्गी जिल्ह्यात आणि शेजारच्या भागात ऐन शेंगा धरण्याच्या सुमारास उभी तूर वाळून गेली होती. कानडी शेतकरी ज्याला नेटे रोग म्हणतात आणि आपण मर म्हणतो, त्याचा तो घाला होता. राज्य सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत ज्यांची शेती आहे, किंवा कलबुर्गीत ज्यांच्या डाळीच्या गिरण्या आहेत, त्या महाजनांना ते वर्ष वेगळे सांगावयास नको.

ही मर म्हणजे काय आणि तिच्यावर आजवर काय काम झाले, हे सांगितले म्हणजे उपयोजित विज्ञान कशास म्हणतात याचा उलगडा आपोआप होईल. शुद्ध विज्ञान निसर्गाचा नियम शोधते. उपयोजित विज्ञान त्या नियमाच्या आधारे माणसाची एखादी अडचण सोडवू पाहते, आणि ती सोडविताना कित्येकदा नवा नियमही हाती लागतो. शेतकी, पशुवैद्यक, अभियांत्रिकी, अन्नशास्त्र, औषधनिर्माण ही सारी त्याचीच अंगे होत.

तुरीची मर ही जमिनीत राहणाऱ्या एका बुरशीमुळे होते. बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या बटलर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा प्रथम शास्त्रशुद्ध अभ्यास केला. ही बुरशी मुळावाटे झाडात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद पाडते. खोडाच्या तळापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसला आणि खोड उभे चिरल्यावर आत काळपट रेघा आढळल्या, तर ती मर समजावी. पाण्याची ओढ लागून तूर सुकते तेव्हा या खुणा दिसत नाहीत. पीक निघाले तरी रोगट धसकटांत ही बुरशी सुमारे तीन वर्षे जिवंत राहते. म्हणून त्याच शेतात पुन्हा पुन्हा तूर घेणाऱ्याला ती अधिक गाठते.

आता यावर उपाय काय? फवारणी करावी, तर रोग मातीत आणि मुळात. तेव्हा ज्या झाडाला ही बुरशी बाधत नाही असे झाड शोधणे हा खरा मार्ग ठरला. आपण हुमनाबाद, जहीराबादवरून हैदराबादेस जातो त्या रस्त्यावर पाटणचेरू लागते. तेथे १९७२ साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, म्हणजे इक्रिसॅट, स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट केली. आपण रोगट शेत टाळतो. त्यांनी ते मुद्दाम तयार केले. मेलेल्या तुरीची धसकटे त्या जमिनीत वर्षानुवर्षे मिसळली, मधूनमधून हमखास मरणाऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या, आणि रोग सर्वत्र सारखा पसरला आहे अशी खात्री झाल्यावर गावोगावची तूर त्यात लावून पाहिली. जी उभी राहिली तिचेच बी पुढच्या वर्षी घेतले. अशा पारखणीतून, मूळ महाराष्ट्रातून मिळालेल्या गावरान बियाण्यातून निवडलेले एक वाण १९८६ साली कर्नाटकात ‘मारुती’ या नावाने प्रसारित झाले. पुढील सहा-सात वर्षांत उत्तर कर्नाटकातील मरग्रस्त भागात ते झपाट्याने पसरले. त्या काळी ज्यांनी शेती केली त्यांना मारुती तुरीचे नाव आजही आठवत असेल.

वाण महाराष्ट्रातले, पारख तेलंगणातली, प्रसार कर्नाटकातला! आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांनी यातून एवढेच घ्यावे की बुरशीला राज्याची सीमा ठाऊक नसते, आणि विद्येलाही ती नसावी. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारे बी.एस.एम.आर. ७३६ हे वाण दिले. तेही सीमेच्या दोन्ही बाजूंना पेरले जाते. कलबुर्गीच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेली टी.एस. ३ आर ही तूर तर आपल्या घरचीच.

वांझ रोगाची हकीकत संशोधनाला किती धीर लागतो ते शिकविते. या रोगात झाड हिरवेगार राहते, पण त्याला फूल-शेंग धरत नाही. १९३१ साली त्याची प्रथम नोंद झाली. डोळ्यांना न दिसणारी कोळीवर्गीय कीड तो पसरविते, हेही पुढे कळले. परंतु मूळ कारण असलेला विषाणू निश्चितपणे हाती येण्यास २००० साल उजाडले. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे! या काळात कितीतरी माणसांनी त्यावर प्रयोग केले असतील आणि कारण न सापडताच सेवानिवृत्त झाले असतील. त्यांचे काम वाया गेले असे म्हणता येत नाही, कारण कोणत्या वाटा बंद आहेत हे त्यांनीच पुढच्यांना सांगून ठेवले. २०११ साली तुरीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे ४८ हजार जनुकांची नोंद झाली, तोही असाच अनेकांच्या खांद्यांवर उभा आहे.

आपल्या वाडवडिलांचे ज्ञान यात कोठे बसते, असा प्रश्न येथील वृद्ध मंडळींच्या मनात आला असेल. ते मानाने बसते. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घालण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. शास्त्रज्ञांनी ती प्रयोगात तपासली, तेव्हा ज्वारीच्या सोबतीने किंवा मध्ये एक वर्ष ज्वारी घेतल्याने मर कमी होते असे दिसून आले. आजोबा सांगत होते ते खरे होते. ते किती खरे, हे मोजून सांगणे संशोधकाचे काम.

हे मोजणे कसे होते, तेही थोडक्यात सांगतो. शेतकीच्या एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत काही विषय शिकतो आणि एक लहानसा प्रश्न घेऊन प्रबंध लिहितो. पीएच.डी.चा विद्यार्थी त्याहून खोल प्रश्न घेतो आणि तीन ते पाच वर्षे त्याच्या मागे असतो. समजा, तुरीची चार वाणे ताडून पाहावयाची आहेत. तो एकेक वाण एकाच तुकड्यात लावून थांबत नाही. त्या शेतातील एखादा कोपरा पाणथळ असेल, एखादा खडकाळ असेल. म्हणून प्रत्येक वाण निरनिराळ्या जागी, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, तीन-चार वेळा लावावयाचे. म्हणजे जमिनीचा फरक वाणाच्या माथी बसत नाही. ही रीत इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात फिशर यांनी १९१९ नंतर घालून दिली. आपल्या देशात ती रुजविण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी शेतकी संशोधकांसाठी सांख्यिकीवर लिहिलेला ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि शेतकी विद्यापीठांतील मुलांच्या हाती तो अनेक वर्षे राहिला. माझ्या टेबलावर आलेल्या शेतकी प्रबंधांत संदर्भसूचीत ‘पानसे व सुखात्मे’ ही जोडी इतक्या वेळा दिसे की ती सख्ख्या भावांची असावी असे मला काही दिवस वाटत होते! सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पुढे ते रोम येथे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. खेड्यातला मुलगा एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत कोठवर जातो, याचे हे उदाहरण.

आपल्या मुलांना अशी विद्या मिळविण्यासाठी आज फार दूर जावे लागत नाही. आपल्या आजोबांच्या काळी बिदर-गुलबर्ग्याच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ओढ धारवाडकडे लागली. गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्वतंत्र झाले. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातून पुढे रायचूरचे विद्यापीठ वेगळे निघाले, आणि कलबुर्गीचे कृषी महाविद्यालय व संशोधन केंद्र त्याच्याच अखत्यारीत आहे. आळंद तालुक्यातील कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे. बिदरच्या नंदीनगरात तर साऱ्या कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि आपल्या व उदगीरच्या टापूतील देवणी गुरांचा अभ्यास करावयास त्याहून जवळची जागा कोणती? सीमेपलीकडे परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे. दारे उघडी आहेत. आत जाणारी आपली मुले मात्र मोजकी आहेत.

मुलींविषयी मला विशेष सांगावयाचे आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या स्वतः बंगलोरला जाऊन ठाकल्या आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. तेथे त्यांनी अभ्यास कशाचा केला? दुधातील व डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा! ज्या वरणाचा आपण नैवेद्य दाखवितो, त्याचे पोषणमूल्य एका मराठी मुलीने कर्नाटकाच्या भूमीवर प्रयोगशाळेत तपासले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळविली, विज्ञानात ती पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला म्हणून ओळखल्या जातात. परत आल्यावर त्यांनी कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा अशा गोरगरिबांच्या अन्नावर काम केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. त्यांच्या पहिल्या वर्षाची अट त्यांनी कामाने पुसून टाकली आणि मागून येणाऱ्या मुलींची वाट मोकळी झाली.

आता मला स्वतःची एक चूक आपल्यापुढे कबूल करावयाची आहे. तिच्यासाठीच मी हा विषय निवडला.

माझ्या थोरल्या बहिणीचा, आमच्या अक्काचा मुलगा शेतकीची एम.एस्सी. चांगल्या रीतीने उत्तीर्ण होऊन पीएच.डी.साठी राहिला होता. विषय तुरीच्या मरीचाच. एका गावची बुरशी आणि दुसऱ्या गावची बुरशी सारख्याच जोमाची असते का, हा त्याचा प्रश्न. तो एस.टी.ने गावोगाव हिंडे, मेलेल्या तुरीची खोडे कागदी पिशव्यांत भरून आणी आणि गावाचे नाव, तारीख व वाण वहीत लिही. दुसऱ्या वर्षी त्याची शिष्यवृत्ती कोठेतरी कागदांत अडकली आणि सात महिने एक पैसा आला नाही. अक्काने मला विचारले, “तू कचेरीतला माणूस, काय करावे ते तूच सांग.” मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, बँकेची परीक्षा द्यावी. नोकरी मिळेल, लग्न होईल, वाळलेल्या काड्या गोळा करून कोणाचे भले झाले आहे? त्याने माझा शब्द मानला. परीक्षा दिली आणि पास झाला. संशोधन सुटले.

या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२२ च्या मार्गशीर्षात अक्काच्या शेतातली तूर वाळली तेव्हा तो रजा काढून आला. मीही गेलो होतो. त्याने एक झाड उपटले, खिशातल्या चाकूने खोड चिरले आणि मला दाखविले. म्हणाला, “मामा, हे वाण मर लागत नाही म्हणून घेतले होते. मग बुरशी बदलली, की ही दुसरीच कोणती बुरशी आहे, हे गावोगाव पाहायला हवे.” एवढेच बोलला. मला दोष देणारा एक शब्दही त्याने काढला नाही. त्याची ती जुनी वही अक्काने अजून कोनाड्यात ठेवली आहे. ती मी त्या रात्री उघडून पाहिली. अडतीस गावांची नावे होती. पुढची पाने कोरी होती.

त्याने काम पुरे केले असते तर २०२२ ची तूर वाचली असती, असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या प्रबंधाने रोग जात नाही. परंतु बुरशी स्वस्थ बसत नाही. आज प्रतिकार करणारे वाण उद्या करीलच असे नाही. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, पुढच्याने मागच्याची वही हाती घ्यावी लागते. त्या साखळीतला एक दुवा मी, घरचा वडीलधारा म्हणून, माझ्या हाताने काढून घेतला. बँकेत त्याचे बरे चालले आहे. पीककर्जाचे कागद तो आस्थेने पाहतो. तरीही त्याच्या तारुण्यातला तो प्रश्न अनुत्तरित राहिला, याची टोचणी मला आहे.

ही चूक केवळ माझी नसावी. आपण महाजन मंडळी दहावी-बारावीच्या मुलांना उत्सवात शाल-श्रीफळ देतो. पदवीधराचे नाव स्मरणिकेत छापतो. त्यापुढे शिकणाऱ्या मुलाला मात्र “अजून शिकतोच आहे काय?” असे विचारतो. सव्विसाव्या वर्षी प्रयोगशाळेत बसलेल्या मुलीच्या आईला काय काय ऐकावे लागते, ते येथील भगिनींनी सांगावे.

म्हणून समितीपुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना पैशाची आहे, पण फार पैशाची नाही. शिष्यवृत्ती मंजूर होते, ती हातात पडण्यास विलंब लागतो, आणि त्या विलंबातच गरीब घरचे मूल गळते. हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आपल्या विद्यार्थी निधीतून अशा मुलाला शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उचल द्यावी आणि आल्यावर त्याने ती परत करावी. रक्कम फिरती राहील, मुद्दल घटणार नाही. हिशेब मी विनावेतन ठेवीन, आणि आरंभासाठी माझे एक महिन्याचे निवृत्तिवेतन आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे.

दुसरी सूचना जमीनदार महाजनांस. विद्यापीठाच्या शेतावर जे वाण टिकते ते आपल्या काळ्या जमिनीत टिकेलच असे नाही. म्हणून मुलांना शेतकऱ्यांच्या रानात प्रयोग करावे लागतात. त्यांना दहा गुंठ्यांचा तुकडा एका हंगामापुरता द्यावा. तूर मेली तरी तो त्यांना दंड समजू नये. कोठे आणि किती मेली, हीच तर त्यांची नोंद.

तिसरी सूचना आपणा सर्वांस, आणि तिला पैसा मुळीच लागत नाही. पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलामुलींना आपण त्यांच्या कामाविषयी विचारावे: तुझा प्रश्न काय आहे? यंदा काय आढळले? नोकरी कधी, लग्न कधी, हे प्रश्न थोडे मागाहून विचारले तरी चालतील.

शेवटी घरचेच सांगून आपली रजा घेतो. माझ्या त्या भाच्याची मुलगी यंदा शेतकीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि पुढे वनस्पतिरोगशास्त्रातच शिकावे असे तिच्या मनात आहे. गेल्या महिन्यात अक्काने मला पुन्हा विचारले, “तुझे काय मत?” मी सांगितले, कोनाड्यातली वही तिला दे.

 आपल्या मुलांच्या हातून या भूमीची सेवा घडो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.